नंतरची माणसं

नायगावच्या आमच्या इमारतीत मानववंशशास्त्राचे एक प्राध्यापक राहायचे. बोलता बोलता थांबून ते चष्मा पुसायचे, आणि समोरच्याला वाटायचं, आपलंच काहीतरी चुकलं.

पूर्वी मिठागरात कामाला असलेल्या, आता दारावर सुके बोंबील विकणाऱ्या बाईंना मी एकदा सरांसमोर 'मिठागरवाल्या' म्हणालो. चष्मा पुसून झाला.

"मिठागर कधीच बंद पडलं. पूर्व युरोपातल्या लोकांनाही आम्ही अभ्यासक अजून 'समाजवादानंतरचे' म्हणतो. त्यांची पोरं लग्नाला आली, तरी ओळख जे गेलं त्याचीच. आता काय करता, हे कुणी विचारत नाही."

पुढे सर निवृत्त झाले आणि दुपारीही घरी दिसू लागले. एकदा जिन्यात टोपली उतरवून बाईंनी त्यांना सहज विचारलं, "सर, आता काय करता तुमी?" मी नेमका तेव्हाच खाली उतरत होतो, याचं अजून वाईट वाटतं.

सरांनी चष्मा काढला, पण पुसला नाही.

"मी कॉलेजात शिकवायचो."

"ते माहीत हाय. आता?"

सर वाकले आणि बोंबील निवडू लागले. त्यांच्या घरात सुकं कुणी खात नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.