बिघाडाचा रकाना

चिखलीतल्या आमच्या सोसायटीत पाणी केव्हा येईल हे देवसुद्धा सांगू शकत नाही. पण ज्योतीराम मोटे यांच्या घरातली कोणती वस्तू कधी दुरुस्त झाली, हे तारीखवार सांगता येतं. चाकणच्या एका कंपनीत चौतीस वर्षं मेंटेनन्स फिटर होते. निवृत्त होताना लोक घड्याळ घेऊन येतात, हे शिस्त घेऊन आले. त्यांच्या पंख्यावर शेवटचं तेल घातल्याची तारीख चिकटवलेली आहे. शेगडीभोवती पिवळी पट्टी आहे. बादलीची जागा जमिनीवर रंगवून ठरवलेली आहे, आणि बादली दोन बोटं सरकली तर ज्योतीराम तिच्याकडे अशा नजरेनं पाहतात की बादलीनं स्वतःहून परत जावं.

त्यांच्या पत्नी दुर्गाबाई इथं होत्या तोवर त्यांच्या धाकानं निम्म्या पट्ट्या घराबाहेर राहिल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी मुलीच्या, म्हणजे वर्षालीच्या, बाळंतपणासाठी त्या बंगळूरला गेल्या. सहा महिन्यांसाठी. बाळ रांगलं, चाललं, आता पळतं, आणि दुर्गाबाई त्याच्या मागे पळतात. ज्योतीरामांनी तिकडे आठ दिवस काढून पाहिले. जावयाच्या घरात दुरुस्त करण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून परत आले. मी समोरच्या दारात राहतो. त्यानंतर त्यांच्या दारावरची बेल मी फारशी ऐकली नाही, आणि खरं सांगायचं तर वाजवलीही नाही.

वर्षालीनं तिचा जुना कॉम्प्युटर वडिलांना दिला होता, आईशी आणि नातवाशी बोलण्यासाठी. गेल्या वर्षी त्यावर सूचना यायला लागली, की विंडोजची ही आवृत्ती आता बंद होणार आणि नवी या मशिनवर बसणार नाही. ज्योतीराम ती सूचना घेऊन, म्हणजे तिचा फोटो काढून, माझ्याकडे आले.

"आवं, मशिन ठणठणीत हाय की! चालत्या मशिनला घरी कशाला बसवायलेत?"

मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मी वरच्या मजल्यावरच्या निरंजनकडे बोट दाखवलं आणि सुटलो.

निरंजन तिशीतला, एकटा, चाकणलाच ऑटोमेशनमध्ये. माणूस लाखात एक, पण त्याला लिनक्सचं, म्हणजे विंडोजच्या जागी फुकट बसवता येणाऱ्या प्रणालीचं, वेड होतं. लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढणाऱ्याला तो विचारायचा, "भाऊ, घरी कॉम्प्युटर आहे का?" कोणाचा जुना कॉम्प्युटर मरायला टेकलाय असं कळलं की पेन ड्राइव्ह घेऊन हजर. पैसे घ्यायचा नाही, चहा घ्यायचा. ज्योतीरामांच्या मशिनवर त्यानं एका रविवारी अर्ध्या तासात लिनक्स बसवलं आणि हात झटकून म्हणाला, "बघा काका, किती सोपं!"

सोपं होतंच. फक्त वायफाय लागत नव्हतं, आवाज येत नव्हता, प्रिंटर ओळख दाखवत नव्हता, आणि कॉम्प्युटर एकदा झोपला की कुंभकर्णासारखा उठत नव्हता.

दुसरा कोणी असता तर निरंजनच्या नावानं खडे फोडले असते. ज्योतीरामांचा चेहरा मात्र उजळला. त्यांनी कपाटातून एक पॅड काढलं. कंपनीत मशिन बंद पडलं की ब्रेकडाउन स्लिप भरावी लागते: यंत्राचं नाव, बिघाड, केव्हापासून, हजर झालेला माणूस, सही. स्लिपशिवाय कोणी मेंटेनन्सवाल्याला बोलवायचं नाही आणि स्लिपशिवाय मेंटेनन्सवाल्यानं जायचं नाही. चौतीस वर्षं हा माणूस कुठेही गेला तो स्लिप आली म्हणून गेला. तेव्हा त्यांनी पट्टीनं रकाने आखले, पहिली स्लिप भरली, आणि तिचा फोटो निरंजनला पाठवला. यंत्र: कॉम्प्युटर. बिघाड: वायफाय नाही. हजर झालेला माणूस: कोरं.

मग सुरू झाले त्यांचे रविवार. दहाला निरंजन यायचा. वायफायसाठी ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम हुडकायचा, काळ्या पडद्यावर कायबाय टाइप करायचा. ज्योतीराम शेजारी बसून, ऑपरेशन थिएटरमधल्या नर्ससारखे, न मागता पक्कड पुढे करायचे. पक्कडीचा काय उपयोग, हे दोघांपैकी कोणीही विचारलं नाही.

"काका, आवाज दुसऱ्याच वाटेनं चाललाय. स्पीकरकडे जातच नाहीये."

"म्हंजे पाइप चुकीच्या व्हॉल्व्हला जोडलाय."

"अगदी बरोबर! तुम्ही आमच्यात यायला पाहिजे राव."

"आन् या वयात मला कोण घेतंय? बस, चहा घे."

हे बोलणं आणि हसणं समोरच्या दारातून मला ऐकू यायचं. वायफायला दोन रविवार लागले, आवाजाला एक. प्रिंटरनं तीन रविवार खाल्ले, आणि ज्योतीराम मला जिन्यात अभिमानानं सांगायचे, "लई चिवट बिघाड हाय." जणू घरी पाहुणाच मुक्कामाला आलाय. झोपेतून उठण्याचा प्रश्न सगळ्यात लांबला. मध्ये एका अपडेटनं आवाज पुन्हा गेला, तेव्हा ज्योतीराम खारी आणायला गेले ते पळतच.

पण लिनक्सवाल्यांची खोड अशी, की ते शेवटी दुरुस्त करतात. दिवाळीनंतरच्या एका रविवारी निरंजननं काम संपल्यासारखे हात झटकले. वायफाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर, झोप, जाग, सगळं चोख. ज्योतीरामांनी सगळ्या स्लिपांवर सही घेतली आणि फाइल लावली. त्याच महिन्यात निरंजननं राजगुरुनगरला फ्लॅट घेतला आणि तिकडे राहायला गेला. जाताना म्हणाला, "काका, काही बिघडलं तर हक्कानं कळवा."

काहीच बिघडलं नाही.

रविवार येत राहिले. कॉम्प्युटर बटण दाबताच चालू व्हायचा. ज्योतीराम बंगळूरला फोन लावायचे, नातू कॅमेऱ्यात नाक घालायचा, दुर्गाबाई "जेवलात का?" विचारायच्या आणि दूध उतू चाललं म्हणून उठून जायच्या. चार मिनिटं. चित्र अगदी स्वच्छ यायचं. उरलेला दिवस ज्योतीराम कॉम्प्युटरवर फडकं मारायचे. दहाला मात्र दोन कप पुसून ठेवायचे.

एकदा मी दूध मागायला गेलो, तर ते टेबलाखाली बसलेले, हातात कॉम्प्युटरला लावलेली वायफायची छोटी काडी. दोन बोटांनी धरलेली, उपसायच्या बेतात. मला पाहून कान धरलेल्या पोरासारखे झाले.

"सैल झालीय का?" मी विचारलं.

"न्हाई. घट्ट हाय." ते उठले. गुडघे झटकत म्हणाले, "हात न्हाई झाला, शेजारी. चौतीस वर्षांत चालू मशिन मी कधी पाडलं न्हाई."

मी दूध घेऊन आलो. चहाला थांबलो नाही, कारण मला क्रिकेट पाहायचं होतं.

त्या दिवशी त्यांनी स्लिप भरली. यंत्र: कॉम्प्युटर. केव्हापासून: नोव्हेंबर. बिघाड: खोटं लिहवेना. तो रकाना तसाच कोरा ठेवून फोटो पाठवला. आयुष्यात पहिल्यांदा कोरा.

निरंजनचं उत्तर दोन दिवसांनी आलं. काका, संडेला ओव्हरटाइम असतो, मी इथूनच बघतो, पडद्यावर परवानगीचं बटण येईल ते दाबा. ज्योतीरामांनी बटण दाबलं आणि मला हाक मारली, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर पडद्यावरचा बाण आपोआप चालू लागला होता.

आम्ही दोघं पाहत राहिलो. बाण वायफायपाशी गेला, थांबला, पुढे सरकला. आवाज तपासला, प्रिंटरचं पान उघडलं, मिटलं. ज्योतीराम वाकून त्याच्या मागे मान फिरवत होते, घरात आलेला माणूस कोणत्या खोलीत जातो ते पाहावं तसे. एका हातात चहाचा कप होता.

फोन स्पीकरवर होता. "काका, सगळं ओके आहे. तुम्ही बिघाडाचा रकाना रिकामा ठेवलाय. झालंय काय नेमकं?"

"काही न्हाई." ज्योतीरामांनी कप खाली ठेवला. "तू यायलास का, एवढंच बघत होतो."

पलीकडे कोणीतरी निरंजनला हाक मारत होतं. "येतो काका. एखाद्या रविवारी नक्की."

फोन बंद झाला. बाण पडद्याच्या मधोमध, जिथं होता तिथंच थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बेल वाजवली, दूध परत द्यायला. या वेळी आत जाऊन बसलो. टेबलावर ती स्लिप होती, हजर झालेल्या माणसाचा रकाना कोरा. कॉम्प्युटर रात्रभर चालूच होता, बाण अजून पडद्याच्या मधोमध. वीज जळतेय म्हणून बंद करावा, असं वाटून मी माउसकडे हात नेला.

"राहू द्या, राहू द्या," ज्योतीराम स्वयंपाकघरातून घाईनं आले, दोन कप घेऊन. "हलवू नका. निरंजननं ठेवलाय तिथं."