लाल चिंधीचे भारे

मे महिन्यात कोकणातून कोणी जात नाही, सगळे येतात. त्या सकाळी रत्नागिरीच्या स्टँडवर मुंबईची माणसं पिशव्या सावरत उतरत होती आणि मी पुण्याच्या एसटीत चढत होते. पाठीला कपड्यांची सॅक, हातात लांब काळी बॅग.

"त्यात काय गो, सतार?" कंडक्टरने विचारलं.

"रायफल. एअर रायफल, स्पर्धेची."

"मग तिचं वेगळं तिकीट पडेल."

"मांडीवर पोर घेऊन बसलेल्या बाईकडे पोराचं तिकीट मागता का? मीही मांडीवरच घेणार आहे."

संगमेश्वरपर्यंत तो माझ्याशी वाद घालत होता. तिथे खूप माणसं चढली, तेव्हा त्याने नाद सोडला. तो मी परगावी जिंकलेला पहिला सौदा.

स्टँडवर एकटी आई आली होती. "भांडून जाऊ नको, सांगून जा," एवढंच ती रस्ताभर म्हणत होती. सांगणार कोणाला? बाबा आणि दादा शेडमध्ये पेट्या भरत होते. आई आता नाही, पण तिचं ते वाक्य मी अजून ऐकते आणि अजून भांडते.

तुमच्यातले जे गावी राहिले, ते म्हणतात, पोरगी नाव काढायला पुण्याला गेली. माझ्यासारखे जे बाहेर पडले, त्यांना ठाऊक आहे की जाणं आणि घालवलं जाणं बाहेरून सारखंच दिसतं. म्हणून त्या वर्षी काय झालं ते मी आता लिहून टाकते.

आमची हापूसची बाग रत्नागिरीच्या पुढे, खाडीच्या अंगाला. बागेच्या कडेला आंबे भरायची लांब शेड. पावसाळ्यापासून माघापर्यंत ती रिकामी असे आणि तेवढे महिने ती माझी नेमबाजीची रेंज होती. रायफल शाळेच्या सरांनी मिळवून दिलेली. चिऱ्याच्या भिंतीला पेंढ्याचे भारे टेकवून त्यावर मी टार्गेट लावायची. दहा मीटरवरून दहा गुणांचा ठिपका बॉलपेनच्या टोकाएवढा दिसतो. तो चुकला तरी छर्रा पेंढ्यात जाई आणि बरोबर लागला तरी पेंढ्यातच जाई.

तोच पेंढा आंब्याच्या पेटीत घालतात. म्हणून हंगामाच्या आधी मी माझे भारे वेगळे काढून प्रत्येकाला लाल चिंधी बांधली आणि दादाला दोनदा सांगितलं, याला हात लावू नको, यात शिसं आहे. तो म्हणाला, "कळतं गो मला."

ऐन भरात पेंढा कमी पडला. थोड्या दिवसांनी वाशीच्या दलालाचा फोन आला. गिऱ्हाइकाला पेटीत करड्या रंगाची बारीक गोळी सापडली होती. छर्रा कोणी ओळखला नाही. त्यांना वाटलं, आंबा पिकवायची ही कसली तरी विषारी गोळी आहे. ज्या बाबांनी आयुष्यभर अढीत पिकवल्याशिवाय आंबा विकला नाही, त्यांच्या मालावर पावडर लावून पिकवणाऱ्याचा शिक्का बसला. भरलेल्या पेट्या परत आल्या.

बाबांनी विचारलं, गवत कुठलं? दादा म्हणाला, "तिनेच ठेवलेलं तिथे. मला काय ठाऊक?" हे बोलताना तो पेटीवर नाव छापायचा ब्रश पुसत होता, माझ्या लाल चिंधीने. मी ती चिंधी बाबांना दाखवली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "रायफल उचल इथून. पोरीचे खेळ पुरे झाले."

मी रायफल उचलली. शेडमधूनही आणि घरातूनही.

पुण्यात मी भाव करून जगले. सकाळी रेंज झाडायची, इतरांची टार्गेटं लावायची, त्या बदल्यात दुपारी रिकामी लेन माझी. नेमबाजीचं पहिलं जॅकेट दुसऱ्या मुलीच्या अंगाचं होतं, पुठ्ठ्यासारखं कडक आणि काखेत काचणारं. विकणाऱ्याशी तासभर हुज्जत घालून मी त्यात हातमोजाही मिळवला. पुढे राज्याच्या संघात आले, नॅशनलला पदक मिळालं, भारताच्या कॅम्पचं बोलावणं आलं. आज माझी स्वतःची रेंज आहे, बेसमेंटमधली, आणि तिथे जॅकेटं मी विकते. माझ्याशी घासाघीस करून अजून कोणी खूश होऊन गेलेलं नाही.

या खेळात ताकदीपेक्षा थांबणं मोठं. काळजाच्या दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत बोट दाबायचं, तेही अंगाला कळू न देता. मला तर भाजीवालीशी बोलतानाही अंग तापतं, इतका राग. आमचे कोच म्हणायचे, "राग चपलांबरोबर बाहेर ठेव." मी ठेवायची. निघताना पायात घालून घरी न्यायची.

एकदाच तो राग आत आला. भारताच्या संघासाठी शेवटची निवड चाचणी होती. सकाळी गावातून कोणीतरी मोबाइलवर फोटो पाठवला. नाक्यावर बॅनर लागलेला, 'आमच्या शेडमध्ये घडलेली सुकन्या'. माझा फोटो पासपोर्टएवढा आणि शुभेच्छुक म्हणून दादाचा त्याच्या तिप्पट. दिवसभर मी उत्तम मारलं. शेवटच्या शॉटला गाल रायफलला टेकवला, ठिपका समोर आला आणि एकदम ती चिंधी आठवली. बोट दाबताक्षणी कळलं. छर्रा नऊच्या वर्तुळाच्याही बाहेर गेला. एका गुणापेक्षाही कमी, दशांशांच्या फरकाने मी घरी बसले.

त्यानंतर सणालासुद्धा गावी गेले नाही.

या वर्षी आंब्याला मोहोर असताना दादाचा फोन आला. त्याची मुलगी तन्वी शाळेतून रायफल मारते, जिल्ह्यात पहिली आली, हे मला तिच्याकडूनच कळलेलं होतं.

"तिला तुझ्याकडे ठेव," दादा म्हणाला. "इथे तिला जागा कुठे? तुझी काय फी असेल ती सांग."

"फी नको. बाबांसमोर एक वाक्य बोल."

"कसलं?"

"तुला ठाऊक आहे."

"अजून तेच धरून बसलीस? किती वर्षं झाली गो."

"मुद्दल तेवढंच आहे. व्याज मागत नाही, हे नशीब समज."

त्याने फोन ठेवला. पंधरवडाभर आवाज नाही. तन्वीचे मेसेज यायचे, आत्या, माझे बाबा नीट काही सांगत नाहीत. मला वाईट वाटायचं, पण भाव उतरवला नाही. एकदा उतरवला की समोरच्याला कळतं, हिला गरज आहे. शेवटी त्याचा फोन आला. म्हणाला, "ये."

मी गेले ती ऐन हंगामात. बाबा शेडमध्ये खाली बसून आंबे निवडत होते. हात थरथरतात, पण डागी फळ अजून बोटाला कळतं. दादा उभा राहिला. तन्वी दारात.

"बाबा, त्या वर्षीचे लाल चिंधीचे भारे मीच सोडले. हिने सांगितलं होतं."

बाबांनी हातातला आंबा बाजूला ठेवला. "ठाऊक आहे मला. चिंधी पाहिली होती मी."

मी त्यांच्यासमोर खाली बसले. "मग मला का घालवलंत?"

"तू कुठेही टाकली तरी उगवणार होतीस. याचं तसं नव्हतं. याला तेव्हा खोटा पाडला असता तर हा मुंबईला पळाला असता, आणि बाग कोणी बघितली असती?"

ते शांतपणे, हिशोब सांगावा तसं बोलले. एवढी वर्षं मला वाटायचं की बाबा फसले. त्यांनी तर सौदा केला होता. जो माल टिकेल तो लांब पाठवला. मी भाव करायला कोणाकडून शिकले, ते मला तेव्हा कळलं आणि ते कळल्याने राग आणखीच भडकला.

"तन्वीला मी पुण्याला नेणार नाही," मी म्हणाले.

दादा ओरडला, "अगो, कबूल केलंस ना? मी बोललो ना वाक्य?"

"शिकवणार, पण इथे. ही भिंत ते तो खांब, एवढी जागा तिची, बारा महिने. मागे छर्रे झेलायला लोखंडी पेटी मी पाठवते. महिन्यातून एकदा मी येईन. पुण्याला ती यायची तेव्हा चांगली मारते म्हणून येईल. इथे जागा नाही म्हणून नाही."

"हंगामात? मग माझ्या पेट्या कुठे ठेवू, डोक्यावर?"

"घरापुढच्या खळ्यात. ताडपत्री टाक."

"आणि डाग पडले फळाला तर?"

"तर दलालाला तू सांग, तुझ्या मुलीसाठी पडले."

तो बाबांकडे बघत राहिला. मीही. ट्रिगरवर बोट ठेवल्यावर जितका वेळ जातो, त्याहून कितीतरी जास्त गेला. मग बाबा भिंतीला धरून उठले आणि दादाला म्हणाले, "उचल तिकडच्या पेट्या. मला वाकता येत नाही."

बाबांना मी माफ केलेलं नाही. त्यांनी माफी मागितलेलीही नाही. दादाशी मी आता बोलते, तेही वाद असेल तेव्हा, म्हणजे बरंच. पुण्याहून महिन्यातून एकदा येते आणि पोरीची कोपरं सरळ करते. गाव सोडलेल्यांनो, तुम्हाला तुमचं घर अंगणासकट आठवत असेल. मला माझं एवढंच सांगता येतं. हंगाम भरात आहे, दादाच्या पेट्या खळ्यात ताडपत्रीखाली आहेत आणि पोरगी आत, भिंत ते खांब एवढ्या आपल्या जागेवर उभी आहे. याहून लहान घर मी आता घेणार नाही.