खाऱ्या विहिरीचा गडू

५ मे १९५४. तांब्याच्या हंड्याला आतून बसलेला पांढरा थर चिंचेनं घासत बसले होते. बारा दिवसांत एवढा थर. सासऱ्यांच्या पोटात किती असेल, हा विचार तेव्हाच आला.

नाचणगावाबाहेरच्या त्या विहिरीला आम्ही खारी विहीर म्हणायचो. तिच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. गुरंसुद्धा नाक मुरडत. त्या उन्हाळ्यात एक लंगडा माणूस तहानेपोटी तिचं लोटाभर पाणी प्यायला आणि घटकाभरानं शेताकडे पळाला. पळणारच, आडोसा गाठायचा होता. पण गावानं फक्त पळणं पाहिलं. आठवड्यात विहिरीवर नारळ फुटायला लागले.

मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, गुडघेदुखी आणि गॅस. त्यांनी एकवीस दिवसांचा नेम धरला: रोज पहाटे गडूभर. बाराव्या दिवशी त्यांना बाजेवरून उठवेना. डोळे आत गेले होते, ओठ फुटले होते.

"मामाजी, पुरे करा आता."

"रोग निंघून राह्यला, सूनबाई. तू मधात येऊ नको."

"रोग बारा दिवस निंघते काय? आता तुमीच निंघून राह्यले."

बाटलीत पाणी भरून मी पुलगावला डॉक्टरांकडे गेले. त्यांनी जिभेवर थेंब ठेवला आणि थुंकले. म्हणाले, "जमिनीखालच्या मुरमातून, खडकातून पाणी झिरपतं, वाटेतले क्षार घेऊन येतं. पोट साफ व्हायला मी जे जुलाबाचं मीठ चमच्यानं देतो, ते तुमचे सासरे गडूनं पिताहेत. आठवडाभर असंच चाललं तर मला बोलवू नका, लाकडं बोलवा."

घरी येऊन मी त्यांच्यासमोर चुलीवर खाऱ्या पाण्यात तुरीची डाळ चढवली. दोन तासांनी दाणा दाताखाली कटकन वाजला.

"हे बगा. चुलीवर शिजत नाई, तुमच्या पोटात काय शिजन?"

"मी काय डाळ आहो?" ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

नेम मोडायचा नव्हता ना, मग पाणीच बदललं. तेराव्या दिवसापासून गडू आमच्या गोड विहिरीवर भरला, त्यात चिमूटभर मीठ टाकलं आणि कडूपणासाठी कडुनिंबाची दोन पानं चुरडली. पहिल्याच घोटाला ते थांबले.

"आज कडू कमी काऊन लागून राह्यलं?"

"उन्हाळा आहे. विहिरीचाही जोर उतरला."

दिवसा ताक पाजलं, मऊ भात दिला. एकविसाव्या दिवशी ते काठी टेकत पारापर्यंत गेले आणि विहिरीची कीर्ती सांगून आले. संध्याकाळी म्हणाले, "केळझरच्या बहिणीले निरोप धाडला. तिचंही पोट बिघडलेलं आहे. तीन महिन्यांचा नेम धरू देऊ."

आत्याबाई म्हणजे पाच हाडं आणि एक नऊवारी. तीन दिवस टिकल्या नसत्या. मी खरं सांगून टाकलं. गडू, मीठ, कडुनिंब, सगळं.

त्यांनी काठी भिंतीला टेकवली.

"मंग मी बरा कशानं झालो?"

"न पिल्यानं."

रात्री जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दारातूनच हाक मारली, "लिही." मी पोस्टकार्ड घेऊन बसले. त्यांनी सांगितलं तसं लिहिलं: विहीर आटली, येऊ नको, ताक पीत जा. विहीर काठोकाठ होती. पण ताकाचं खरं होतं, म्हणून मी वाद घातला नाही. कार्ड पेटीत टाकून आले आणि हंड्यात देखाव्यापुरतं भरून ठेवलेलं खारं पाणी म्हशीच्या पाठीवर ओतून तिला खराखरा घासलं.