फोटोतून शेठ काढण्याचे दिवस

लोक मला विचारतात, भाऊ, तुझ्याकडे एवढे किस्से येतात कुठून? मी कॉम्प्युटरशेजारच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीकडे बोट दाखवतो. आमच्या किनाऱ्यावरच्या छोट्या बाजारात माझा फोटो स्टुडिओ आहे, त्यातच फ्लेक्स, झेरॉक्स आणि टायपिंग. पासपोर्ट फोटोला आलेला माणूस गप्प बसतो. पण ज्याला फोटोतून कोणाला तरी काढून हवंय, तो त्या खुर्चीत बसला की मी काही विचारायच्या आत आजोबांपासून सुरुवात करतो! असे किस्से साठत जातात. आणि गेल्या वर्षी तर एका आठवड्यात एवढे साठले की हसू दाबून दाबून माझी बरगडी दुखायला लागली.

तो आठवडा शेठचा. आम्ही सगळे त्यांना शेठच म्हणायचो. टेकडीवर बंगला, समोर समुद्र आणि जेवायला रोज कोणी ना कोणी मोठा माणूस. कामावरच्या बाईवर अत्याचार केल्याबद्दल मुंबईत शिक्षा भोगून ते इकडे आले होते, आणि हे सगळ्यांना माहीत होतं. ‘शिक्षा भोगून आलेत’ हे लोक ‘दुबईला राहून आलेत’ अशा सुरात सांगायचे. ताटात ताजी सुरमई असली की यजमानाची चौकशी करायचं कोणाला सुचत नाही. मलाही सुचलं नाही.

मग बंगल्यावर स्वयंपाक करणाऱ्या दर्शनाने शेठविरुद्ध तशीच तक्रार पोलिसांत दिली. दर्शना तिशीची, कमी बोलणारी. तिची आई बाजारात सुकी मासळी विकते. केस चालली तेवढे दिवस एकाही हॉटेलवाल्याने, एकाही लग्नघराने तिला चुलीपाशी उभं केलं नाही. तिला एकच हवं होतं. रस्त्याला लागून स्वतःची खानावळ काढायची आणि गावाने तिथे येऊन तिच्या हातचं जेवायचं. शेवटी शेठना पुन्हा शिक्षा झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या खुर्चीला रांग लागली.

*

पहिला नंबर आबांचा. आबा म्हणजे आमच्याकडचे पुढारी. फ्लेक्सवर आणि माईकवर शुद्ध पुस्तकी मराठी बोलतात, खुर्चीत बसले की मालवणी. त्यांच्या ऑफिसात मागच्या वाढदिवसाचा भला मोठा फोटो लावलेला होता. शेठ आणि आबा खांद्याला खांदा लावून, दोघांच्या गळ्यात मिळून एकच हार.

मी शेठना कापलं. पण शेठचा हात आबांच्या खांद्यावर होता, आणि तो हारात असा गुंतलेला की हात काढला तर आबांचा अर्धा कान जात होता. मी म्हटलं, आबा, फोटो नवीनच काढूया. पण त्या फोटोत आबा दहा वर्षांनी तरुण दिसत होते. त्यांनी बराच वेळ स्वतःकडे बघितलं.

“हात रवांदे,” ते म्हणाले. “हात कोणाचो ता कोण बघता?”

तो फोटो तसाच ऑफिसात लागला. आठ दिवसांनी कोणीतरी विचारलंच, आबा, हा हात कोणाचा? आबा लगेच पुस्तकी मराठीत शिरले आणि म्हणाले, हा जनतेचा हात आहे.

जनतेच्या बोटात पाचूची अंगठी होती.

*

दुसरे आले शाळेचे चेअरमन. शेठ त्यांच्या बक्षीस समारंभाचे प्रमुख पाहुणे होते. फोटो स्मरणिकेत छापून झाला होता आणि स्मरणिका घरोघरी पोचल्या होत्या. चेअरमननी सगळ्या परत मागवल्या. कारण काय सांगितलं, तर प्रूफ तपासायचं राहिलं!

मग त्यांनी माझ्याकडून सरस्वतीचे गोल स्टिकर छापून घेतले, बरोबर शेठच्या तोंडाच्या मापाचे. शाळेच्या शिपायाने दोन दिवस बसून ते चिकटवले. स्मरणिका पुन्हा घरोघरी गेल्या. आता फोटोत सफारी सूट घातलेली, पोट सुटलेली सरस्वती एका मुलीला कप देत होती.

त्या मुलीचा बाप माझ्याकडे झेरॉक्सला आला होता. साधा माणूस, आंब्याच्या बागेत कामाला. स्मरणिका उघडून त्याने मला फोटो दाखवला आणि अगदी शांतपणे म्हणाला, “आमच्या चेडवाक खुद्द सरस्वतीन कप दिल्यान. पॅन्ट घालून इल्ली.”

*

डॉक्टरांचा किस्सा मी आजही घरी सांगितला की बायको हातातलं काम ठेवून ऐकते.

डॉक्टर आले ते दार लोटून घेऊनच. ते सगळीकडे सांगत होते की मी बंगल्यावर एकदाच गेलो, तेही शेठना ताप होता म्हणून तपासायला. आता बंगल्यावरच्या सगळ्या पार्ट्यांचे फोटो मीच काढलेले. मी फोल्डर उघडून दाखवला. त्यात डॉक्टर सहा ठिकाणी होते. एकदा निळा शर्ट, एकदा चौकडीचा, एकदा झब्बा, एकदा फुलाफुलांचा. त्या फुलाफुलांच्या शर्टात ते शेठबरोबर गात होते.

मला वाटलं, आता हे म्हणणार की फोटो पुसून टाक. पण डॉक्टर हुशार. ते म्हणाले, पुसलं तर संशय येतो. त्यांनी चष्मा पुसला, खुर्ची जवळ ओढली आणि हळूच विचारलं, “सगळे शर्ट पांढरे करता येतील का? म्हणजे एकाच दिवसाचे वाटतील.”

मी नमुन्यादाखल करून दाखवलं. काय सांगू! शर्ट सगळे पांढरे झाले, पण डोक्यावरचे केस प्रत्येक फोटोत कमी कमी होत गेलेले. एका दुपारी तपासायला गेलेला माणूस जेवण संपेपर्यंत टकला झाला होता.

*

आता जरा कमी हसण्याचा किस्सा. गावात एक साहेब आहेत, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. लोक त्यांच्याकडे सही-शिक्क्याला जातात. केस चालू असताना त्यांनी माझ्याकडे बसून एक पत्र टाइप करून घेतलं होतं. शेठ हे सज्जन गृहस्थ आहेत, मी त्यांना वीस वर्षं ओळखतो, वगैरे. शेठना इकडे येऊन जेमतेम चार वर्षं झाली होती. तेच पत्र नाव बदलून आणखी पाच-सहा जणांनी नेलं. वीस वर्षं सगळ्यांचीच!

शिक्षेनंतर साहेब परत आले. त्यांना आता पेपरात खुलासा द्यायचा होता, की माझा या माणसाशी काही संबंध नव्हता. मी नवीन पान उघडलं तर म्हणाले, कशाला वेळ घालवता, जुनीच फाईल उघडा, मजकूर तोच ठेवा, फक्त ओळख काढा.

मी फाईल उघडली आणि हसलो. पण वाचता वाचता हसू थांबलं. ती पत्रं कोर्टात गेली होती, दर्शनाच्या विरुद्ध. ती खोटं बोलते असं त्यांत कुठे लिहिलं नव्हतं, पण सहा सज्जन माणसांनी मिळून तेच म्हटलं होतं. आणि तो कागद माझ्या प्रिंटरमधून बाहेर आला होता. मला मनापासून लाज वाटली. साहेबांना नाही वाटली. त्यांनी दोन प्रती मागितल्या.

*

एवढं सगळं मी रोज रात्री जेवताना बायकोला रंगवून सांगायचो. ती पोट धरून हसायची. एक दिवस ती डबा घेऊन दुकानात आली, भिंतीकडे बघत उभी राहिली आणि हसलीच नाही. भिंतीवर माझ्या फ्लेक्स मशीनच्या उद्‌घाटनाचा फोटो. शेठ फीत कापतायत आणि मी बाजूला नारळ घेऊन, कमरेत वाकून, असा काही हसतोय की माझे मलाच दात मोजता यावेत.

“जगाचे फोटो कापतास,” ती म्हणाली. “तुमचो कोण कापतलो?”

रोज त्या फोटोखाली बसून मी आबांना हसत होतो. आणखी एक गोष्ट ती बोलली नाही, पण आम्हाला दोघांनाही माहीत होती. केस चालू असताना आमच्या घरी सत्यनारायण झाला, तेव्हा शेजारच्या आळीत असूनही दर्शनाच्या घरी बोलावणं गेलं नव्हतं. दुकानातून बायको तशीच दर्शनाच्या घरी गेली. काय बोलली, मला ठाऊक नाही. परत आली तेव्हा डोळे लाल होते आणि हातात त्यांनी दिलेली कोकमाची सोलं होती.

*

पुढच्या महिन्यात दर्शना स्वतः दुकानात आली. खानावळीसाठी गाळा मिळाला होता, फ्लेक्स करायचा होता. ती त्या खुर्चीत बसली नाही, उभीच राहिली.

आमच्याकडे फ्लेक्सची एक पद्धत आहे. दुकान कोणाचंही असो, वर गोलात पुढाऱ्यांचे फोटो घालावे लागतात. कोणाचा आधी, कोणाचा मोठा, यावरून भांडणं होतात. आबांनी तर आदल्या दिवशीच निरोप पाठवला होता, की दर्शनाताईंच्या फ्लेक्सवर मी चालेन. म्हणून मी सवयीने विचारलं, वर कोणाचा फोटो घालू?

“बांगड्याचो घाल,” ती म्हणाली.

मी चांगला तजेलदार बांगडा शोधून गोलात बसवला. ती स्क्रीनकडे बघून पहिल्यांदाच हसली. मग जाता जाता दारात थांबली आणि मला विचारलं, “भाऊ, लोक येतले?”

तोंडभर बोलणारा माणूस मी, पण त्या वेळी मला हो म्हणायचं धाडस झालं नाही. मी म्हटलं, मी येतो. ती मान हलवून गेली.

*

आणि हा उद्‌घाटनाच्या दिवसाचा.

पेपरात दर्शनाच्या धैर्याबद्दल छापून आलं होतं आणि निवडणूक तोंडावर होती. सकाळी सकाळी आबांचा फोन, कॅमेरा घेऊन ये, सगळे मावतील अशी लेन्स आण. मी कॅमेरा गळ्यात अडकवून गेलो. अकरा वाजेपर्यंत खानावळीत फक्त दर्शना, तिची आई आणि माझी बायको. बाकं पुसून झाली, परत पुसून झाली. दर्शना दर पाच मिनिटांनी रस्त्याकडे बघायची आणि परत चुलीकडे जायची. मला तिच्याकडे बघवेना.

साडेअकराला बाजारातल्या मासेवाल्या बायका आल्या, पाट्या डोक्यावर तशाच. त्यांनी दारात पाट्या उतरवल्या, हात धुतले आणि कोणी बसा म्हणायची वाट न बघता बाकांवर बसल्या. मागून एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर आले, बँकेतल्या दोन पोरी आल्या. ते कपवाल्या मुलीचे वडील मुलीला घेऊन आले. दर्शनाने पदर खोचला आणि वाढायला घेतलं.

तेवढ्यात गाड्या आल्या. आबा, चेअरमन, डॉक्टर, साहेब. चेअरमनच्या हातात शाल आणि नारळ, साहेबांच्या हातात भाषणाचा कागद, डॉक्टर पांढऱ्या शर्टात. फोटोसाठी चौघेही दारातच ओळीने उभे राहिले, मध्ये दर्शनापुरती जागा सोडून. मागून जेवायला येणारे लोक त्यांच्या पाठीशी अडकले. आबांनी आत हाक मारली, दर्शनाताई, या, जरा फोटो घेऊया.

ती आली. हाताला भात, कपाळावर घाम. मधल्या जागेत उभी राहिली. आबांनी तिच्या खांद्यावर ठेवायला हात उचलला. तिने त्या हाताकडे नुसतं बघितलं, आणि तो परत खिशात गेला. मी कॅमेरा डोळ्याला लावला. सगळ्यांनी हसू लावलं.

“भाऊ, ह्या चौघांचो फोटो काढ तू,” दर्शना म्हणाली. “माजो भात निवतलो.”

आणि गेली आत.

चौघेही तसेच. मधली जागा भरायला कोणी सरकेना, हसू आधी कोणी मोडावं तेही कळेना. मी बटण दाबलं. आबांनी दात तसेच ठेवून, ओठसुद्धा न हलवता मला विचारलं, “मागसून तिका मधी घालूक येता मा?”

मी काही बोलणार, तेवढ्यात आतून दर्शनाचा आवाज आला.

“जेवचा आसात तर आत येवा. नायतर दारातसून बाजूक व्हा, मागे लोक उभे आसत.”