करीमचाचांना खुर्चीवरून उठवलं

मंडळी, कार्यक्रमाहून येऊन दोन तास झाले, अजून डोकं शांत झालेलं नाही.

आज मुरुमजवळच्या आमच्या गावात मुलींच्या शाळेच्या नव्या इमारतीचं उद्घाटन होतं. डाळमिलवाले करीमचाचा इस्त्रीचा सदरा घालून पुढच्या रांगेत बसले होते. एक कार्यकर्ता येऊन म्हणाला, "चाचा, उठा, मागं बसा. ही खुर्ची साहेबांच्या माणसांची हाय." ऐंशीचे चाचा काठी टेकत उठले.

अहो, शाळेची जागाच चाचांनी दिलेली! माझी आई त्यांच्या मिलमध्ये डाळ निवडायची. कामावरच्या बायकांसाठी त्यांनी तिथं पाळणाघर काढलं. मी त्यातच वाढले.

मला राहवलं नाही. स्टेजवर जाऊन माइक घेतला आणि हे सगळं सांगितलं. संयोजक म्हणाले, "ताई, आमाला ठाऊकच न्हवतं." मग खुर्चीसाठी धावपळ सुरू झाली.

तोवर चाचा फाटकाशी पोचले होते. मी हात धरला, तर म्हणाले, "सोड बेटा. राग न्हाय, पण सगळ्यांपुढं लई लाज वाटली."

लाज त्यांना का वाटावी? तुमच्या गावातल्या शाळेला जागा कुणी दिली, ठाऊक आहे का? आणि तो माणूस हयात असेल, तर त्याला कुठं बसवता?