आत शिरणारा माणूस

कचेरीत त्यांना सगळे घूस म्हणत. मी दादा म्हणे. जमिनीत कुठे भोक पडलं की त्यांना धाडायचे. कमरेला दोर, कपाळावर दिवा, आणि डोकं आत. वीस वर्षं त्यांनी हेच केलं.

भोकांना नावं द्यायचं काम माझं. साहित्याची पदवी घेऊन दुसरं काही मिळालं नव्हतं. साहेबांनी व्याख्या मागितल्या, मी लिहिल्या. माणूस शिरू शकत नाही, ती पोकळी. सरपटत शिरतो, ते बीळ. आत उभा राहतो, ती गुहा. पोकळीचं तोंड सिमेंटने बुजवायचं. गुहा निघाली तर वरची घरं रिकामी करायची.

"माणूस म्हणजे कोण रे?" दादांनी विचारलं होतं.

"तुम्हीच की. दुसरं कोण शिरतंय?"

"मग तुझ्या वहिनीला सांग, कमी वाढ म्हणून. कचेरीचं माप बिघडतंय."

आम्ही हसलो. माप खरंच बिघडत होतं. पन्नाशीत त्यांचं पोट सुटलं. शिंप्याच्या घरामागच्या भोकात ते छातीपर्यंत गेले आणि अडकले.

"आत आवाज घुमतोय," बाहेर येऊन ते म्हणाले. "पलीकडची भिंत दिसत नाही."

मी वहीत 'पोकळी' लिहिलं. तोंड बुजवलं.

सहा महिन्यांनी शिंप्याच्या फरशीला तडा गेला. रिळं आपोआप एका कोपऱ्याकडे घरंगळू लागली. त्या ओळीत पाच घरं होती. दादा साहेबांकडे गेले.

"तू आत शिरलास का?"

"नाही, साहेब."

"मग पोकळी. विषय संपला."

त्या दिवसापासून दादांनी जेवण जवळजवळ सोडलं. दोन महिन्यांनी वहिनी माझ्याकडे आल्या. "भावजी, हे ताट तसंच परत पाठवतात. तुमचं ऐकतील."

ऐकलं नाही. "पट्टा चार भोकं आत आलाय," दादा म्हणाले. खूश होते.

एका रविवारी सकाळी त्यांनी एकट्याने सिमेंट फोडलं. दोर शिंप्याच्या खांबाला बांधला. शिंपी सांगतो, फरशीखालून आवाज आला, "उभा आहे रे. लिहून घ्यायला सांग."

मग माती कोसळल्याचा आवाज.

दुसऱ्या दिवशी त्यांचा मृतदेह बाहेर काढला. संध्याकाळपर्यंत पाचही घरं रिकामी झाली. साहेबांनी वही पुढे सरकवली. मी 'पोकळी' खोडून 'गुहा' लिहिलं. एवढंच करायचं होतं.

घरं वाचली, हे वहिनींना सांगायला गेलो. वही सोबतच होती. त्यांनी ते पान बराच वेळ पाहिलं.

"हे आधी लिहिता आलं नसतं का, भावजी?"

"आलं असतं," मी म्हणालो.