गोणपाटातला कॅन

गेली अकरा वर्षं मी लोकांना पाणी कसं प्यावं ते सांगत फिरते आहे. आमचं गाव तुळजापूर तालुक्यातलं, तामलवाडीच्या जवळचं, सोलापूरहून तुळजापूरला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला. मी गावची आशाताई. खांद्याला पिशवी, पिशवीत क्लोरीनच्या थेंबांच्या छोट्या बाटल्या, ओआरएसची पाकिटं आणि एक वही. घरोघर जायचं, हंड्यावरचं झाकण काढायचं, बाटलीवर लिहिलेत तेवढे थेंब मोजून टाकायचे, ढवळायचं आणि "अर्धा तास झाकून ठेवा, मग प्या" म्हणायचं. मी पाठ फिरवली की ते पाणी म्हशीच्या घमेल्यात नाहीतर अंगणात सड्याला जातं. हे मला ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक आहे. "लई वास मारतंय ओ ताई," एवढं म्हणून बायका हसतात आणि माझ्यापुढं पाण्याचा तांब्या धरतात. दारात आलेल्याला आधी पाणी, ही आमच्याकडची रीत. नको म्हटलं तर लगेच तोंड उतरतं, "आमच्या घरचं चालंना व्हय?" म्हणून विचारतात. मग मी दोन घोट घेते आणि पुढच्या घरी जाते.

सुरुवातीला मी भांडायचे. जंतूंची चित्रं दाखवायचे, घसा बसेपर्यंत बोलायचे. आता तेच शब्द तोंडातून आपोआप येतात आणि मी मनात संध्याकाळच्या भाकरीचं पीठ आहे का याचा विचार करत असते.

अशात माझ्याच घरात म्हातारं आजारी पडलं.

म्हातारं म्हणजे माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणते. उभा जन्म मेंढरांमागं गेलेला. सकाळी भाकरी बांधून निघायचे ते दिवस मावळताना परत. सोबत पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन, त्याला बाहेरून गोणपाट शिवलेलं. गोणपाट भिजवलं की दुपारपर्यंत पाणी गार राहतं. कॅनाला दोरी, दोरी खांद्यावर. तो कॅन संपला की मामा ओढ्याचं पाणी भरून घेत. एका वर्षात दोनदा त्यांना हगवण लागली, दोन्ही वेळा सलाईन लावावं लागलं. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, किडनीवर ताण आलाय. परत असं झालं तर मी काही सांगू शकत नाही."

गावाला तेवढंच निमित्त पुरलं. पारावरून मला ऐकू येईल अशा बेतानं कोणीतरी म्हणालंच, "लोकाच्या हंड्यात औषध घालती आन् घरचं म्हातारं सलाईनवर." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण झोंबलं. आणि त्यापेक्षा भीती जास्त वाटली. सासूबाई गेल्यापासून घरात दिवसभर मी आणि मामा दोघंच. नवरा सोलापूरला नोकरीला, सकाळच्या गाडीनं जातो, संध्याकाळच्या गाडीनं येतो. मामांना काही होऊ द्यायचं नाही, एवढं एकच काम मी त्या वर्षी मनावर घेतलं होतं.

आधी पाणी उकळून दिलं. खळखळून उकळायचं, झाकून निववायचं, मग कॅनात. मामांनी एक घोट घेतला आणि कॅन खाली ठेवला.

"ह्या पाण्यात जीवच न्हाय."

मग उन्हाचा प्रयोग. प्रशिक्षणात शिकवलं होतं, स्वच्छ पारदर्शक बाटलीत नितळ पाणी भरून दिवसभर कडक उन्हात आडवं ठेवायचं. पत्र्यावर चार बाटल्या ठेवल्या. पण तेव्हा आभाळ भरून यायचं, ऊन दिवसातून दोन घटका. पाचव्या दिवशी वाऱ्यानं बाटल्या गडगडत शेजारच्या कोंबड्यांत गेल्या आणि मी तो नाद सोडला.

मामांची स्वतःची एक पद्धत होती. खिशात तुरटीचा खडा असायचा, तोच दाढी झाल्यावर गालाला फिरवायचे आणि तोच पाण्यात. ओढ्याचं गढूळ पाणी पातेलीत घ्यायचं, खडा फिरवायचा, गाळ खाली बसला की वरचं पाणी धोतराच्या सोग्यातून गाळून कॅनात. मला कौतुकानं दाखवायचे, "बघ, काचंवाणी हाय का न्हाय?"

"मामा, गाळ बसला. जंतू बसत नाहीत."

"तुला दिसत्यात व्हय?"

मला दिसत नव्हते. मी हात टेकले.

शेवटी थेंब. रोज सकाळी मी स्वतः कॅन भरायचे, थेंब मोजायचे, बूच लावून हलवायचे. मामांना घड्याळ कळत नाही, म्हणून अर्धा तास मी मेंढरांवर मोजून दिला. मेंढरांच्या वाड्यातून कळप निघून मोठ्या कडुलिंबापाशी पोचला की अर्धा तास झाला, तोवर कॅनाला तोंड लावायचं नाही. मामांनी मुकाट्यानं मान डोलवली. मला वाटलं, आता कुरकुर सुरू होणार, वास, चव, घसा. पण नाही. पाण्याच्या वासाबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. रोज संध्याकाळी कॅन रिकामा होऊन यायचा. दोरी खुंटीला अडकवताना मी तो हलवून बघायचे. आत थेंबही नसायचा. खरं सांगते, अकरा वर्षांत त्या रिकाम्या कॅनाएवढं समाधान मला कशानं मिळालं नव्हतं.

कोजागिरी जवळ आली. आमच्या रस्त्यानं तेव्हा सोलापूरकडून देवीला पायी जाणाऱ्यांची रीघ लागते. पाय सुजलेले, तळव्याला फोड, कडेवर लेकरं. मामांची मेंढरं त्याच रस्त्याच्या कडेनं चरायची. कोजागिरीच्या दोन दिवस आधी मामा दुपारीच परत आले. मेंढरं सोबत होती, पण कळप पुढं आणि मामा मागं, काठीवर सगळा भार टाकून. दारात आले आणि खालीच बसले. डोळे आत गेले होते. मी ओआरएस पाजत पाजत नवऱ्याला फोन केला. गाडी मिळेपर्यंत मामांना चार वेळा जाऊन यावं लागलं.

तुळजापूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "पाणी कुठलं पितात?"

"घरचंच," मी ठासून सांगितलं. "मी स्वतः थेंब टाकून देते. बाहेरचा घोटसुद्धा नाही."

कॉटवरून मामांचा आवाज आला. ओठ सुकले होते, पण शब्द स्पष्ट होते.

"म्या वढ्याचंच पितो, सायब."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. ते पुढच्या कॉटकडं गेले तेव्हा मी विचारलं, "आणि कॅनातलं पाणी, मामा? रोज रिकामा येतो तो?"

"ते वाटंवरच्या माणसांला."

"कुठल्या माणसांना?"

"चालत जाणारी असत्यात, रानात खुरपणाऱ्या बाया असत्यात. पाणी मागत्यात. त्येंला कॅनातलं देतो. संपलं की वढ्याचं भरतो मला."

"पण मी ते तुमच्यासाठी देत होते."

 मी लहान मूल असल्यासारखं मामांनी मला समजावून सांगितलं. "तूच सांगितलंस न्हवं, त्या पाण्यानं माणूस आजारी पडत न्हाय? मग मागणाऱ्याला ते सोडून वढ्याचं कसं देऊ? म्या दिलेल्या पाण्यानं येखाद्या लेकराचं पोट बिघडलं तर देवीला काय तोंड दावू? माझं काय, माझं पोट जुनं हाय."

मला इतका राग आला की हातातला पेला मी कॉटखाली आदळला. दोन कॉट सोडून बसलेल्या बाईनं वळून बघितलं. जीव वाचवायला दिलेलं पाणी हा माणूस रस्त्यावर वाटून आला होता. आणि त्या रागातच माझ्या लक्षात आलं की गावात माझ्या थेंबांवर ज्याचा खरा विश्वास बसला असा हा एकच माणूस होता. मी त्याला हट्टी म्हातारा समजत होते. मला रडू आलं. थोडं त्यांच्यासाठी आणि बरंचसं माझ्या त्या अकरा वर्षांसाठी.

मामांनी मला रडू दिलं. मग विचारलं, "तुझ्या पिशवीत त्या बाटल्या असत्यात. तू दिसभर कुणाचं पाणी पितीस गं?"

त्या सकाळी मी तीन घरी तांब्याचं पाणी प्यायले होते.

"ते वेगळं," मी म्हणाले.

"कसं येगळं?"

मी कॉटखालचा पेला उचलला आणि विसळायला गेले.

मामा त्या खेपेला वाचले. पण पाय कायमचे सुजलेले, अंगात बळ नाही, महिन्याला सोलापूरला तपासणी. मेंढरं चुलत दिराच्या कळपात गेली. ज्या दिवशी गेली त्या दिवशी मामा दाराकडं पाठ करून बसले आणि जेवले नाहीत. आता ते ओसरीवर असतात. गोणपाटातला कॅन खुंटीला तसाच आहे.

कॅनाऐवजी त्यांनी माझ्यासाठी एक लिटरची बाटली ठेवली आहे. तिलाही त्यांनी दाभणानं गोणपाट शिवलं. रोज सकाळी ती भरतात, थेंब मात्र मला मोजायला लावतात, कारण मोतीबिंदूमुळं त्यांना एवढे बारीक थेंब दिसत नाहीत. मग बाटली मांडीवर घेऊन बसतात. मेंढरं नाहीत, तेव्हा अर्धा तास ते ओसरीवरच्या उन्हावर मोजतात. ऊन दुसऱ्या खांबाला लागलं की बाटली माझ्या हातात देतात.

"कुणाला देऊ नगंस. तुझं तू पी."

परवा खालच्या आळीत गेले होते. एका घरात बाळंतीण होती, तिचं थोरलं लेकरू तापानं फणफणलेलं, पाणी पाणी करत होतं. हंड्यात तळाशी गढूळ पाणी, त्यात थेंब टाकून उपयोग नव्हता, आणि टाकले तरी अर्धा तास कोण थांबणार? मी पिशवीतून मामांची बाटली काढली आणि लेकराच्या तोंडाला लावली. उरलेलं त्याच्या आईजवळ पातेल्यात ओतून झाकून ठेवलं. निघताना तिच्या सासूनं माझ्यापुढं तांब्या धरला. दुपारचं ऊन होतं, घसा कोरडा पडला होता. मी दोन घोट घेतले.

संध्याकाळी घरी आले तर मामा ओसरीवर वाट बघत होते. त्यांनी बाटली हातात घेतली, कानाशी नेऊन हलवली. आत काही वाजलं नाही.

"समदं प्यालीस न्हवं?"

"व्हय, मामा," मी म्हणाले.

त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी बाटली उपडी करून वाळत ठेवली आणि मी भाकरीचं पीठ घ्यायला आत गेले.